पत्र्याच्या शेडमध्ये सामान लपवायची जागा कशी करायची

कोल्हापुरात घरामागं नाहीतर रानात मोटारीजवळ छोटं पत्र्याचं शेड बऱ्याच जणांचं असतंय, आणि त्यात ग्राइंडर, ड्रिल, तांब्याची केबल असलं पटकन विकलं जाणारं सामान पडलेलं असतं. दाराला दणकट कुलूप लावलं की आत माल आहे हे आपणच सांगितल्यासारखं होतंय. त्यापेक्षा कुलूप साधंच ठेवा आणि आत, शेवटच्या बाजूला एक खोटी भिंत उभी करा.

व्हिडिओत सगळे प्लायवूडची भिंत दाखवतात, ते आपल्याकडं चालत नाही. तीन बाजूला नालीदार पत्रा आणि एकीकडं गुळगुळीत प्लाय दिसला की कुणीपण तिथंच ठोकून बघणार, शिवाय आपल्या पावसात प्लाय फुगतो, वाळवी लागते ते वेगळंच. खोटी भिंतपण पत्र्याचीच पाहिजे, आणि जुन्या पत्र्याची. भंगारवाल्याकडं जाताना शेडच्या पत्र्याचा एक तुकडा सोबत न्या, कारण नाली जुळली नाही तर पुढचं सगळंच फसतंय.

शेड ८ बाय १० फूट असेल तर १० फुटातनं एक फूट काढा. १० चे ९ झालेले नजरेला कळत नाहीत, ८ चे ७ झाले की मात्र आत शिरल्याशिरल्या आवळल्यासारखं वाटतं. त्या टोकाला खिडकी असली तर दुसरं टोक घ्या.

फ्रेमला एक इंची चौकोनी पाईप बास. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात कुणीपण मापानं कापून वेल्ड करून देतंय, पण बसवायला त्याला घरी आणू नका, नटबोल्टनं आपणच जोडायची. रॅक करायचाय म्हणून सांगा. भिंत वर छताला टेकेपर्यंत न्या, वर फट राहिली की संपलं.

आता दार, खरी गंमत इथंच आहे. पत्रे तसंही एकमेकांवर एक-दोन नाल्या चढवूनच बसवतात, म्हणजे सांधा कुठंपण दिसला तरी कुणाला वावगं वाटत नाही. मधला एक पत्रा दाराचा करा, तो वर उचलता यावा म्हणून तेवढाच छतापासनं दीडेक इंच खाली ठेवा आणि ती फट मागनं पत्र्याच्या पट्टीनं झाका. त्याच्या दोन्ही कडा शेजारच्या पत्र्यांवर बाहेरनं चढलेल्या पाहिजेत. बिजागरी लावू नका, ती दिसते, कुरकुरते आणि दार फिरून जमिनीवर घासल्याची खूण पडते. मागं वरच्या पाईपला दोन हूक वेल्ड करून पत्रा त्यावर टांगायचा, इंचभर वर उचलला की निघतो. आपोआप उचलला जाऊ नये म्हणून एक बोल्ट आरपार आतल्या पाईपमध्ये फिरवायचा आणि त्याच बोल्टवर पाण्याच्या पाईपचं वेटोळं अडकवायचं. बघणाऱ्याला ती खुंटी वाटते. पत्रा एकट्याला उचलेल एवढाच ठेवा आणि कडा घासून बोथट करा, नाहीतर हात कापतोय.

रात्री आत बॅटरी चालू ठेवून दार लावा आणि शेडमधली लाईट बंद करून बघा. जिथनं उजेड येतो तिथं एमसील भरा. पुढं खोरं, पाटी, रिकामी पोती असली हलकी अडगळ टाका, ती पण जास्त नीटनेटकी नको.

पावसाळ्यात पत्र्याला आतनं घाम फुटतो, म्हणून सगळं झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये आणि क्रेट फळीवर. पेट्रोल, थिनर, गॅस सिलिंडर असल्या बंद जागेत ठेवायचा नाद अजिबात करायचा नाही, वाफ कोंडून पेट घेते. घराची कागदपत्रंही नकोत. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात शेड असेल तर राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाच्या इशारा पातळीला आलं की आतलं सामान काढायचं, ४३ फुटाच्या धोका पातळीची वाट बघत बसायचं नाही. २०१९ ला पाणी कुठवर चढलेलं ते शेजाऱ्यांना विचारा आणि फळी त्याच्या वर मारा, तेवढी उंची मिळत नसेल तर तिथं ही भानगडच नको.

आणि घरातल्या एकाला तरी बोल्ट कुठला ते दाखवून ठेवा.