ई-लर्निंग डिझाइन: अनुभवाचा रकाना रिकामा असेल तर

ई-लर्निंगच्या कामासाठी आलेले अर्ज चाळणारा माणूस बहुतेक वेळा प्रमाणपत्रांवरून नुसती नजर फिरवतो आणि पोर्टफोलिओची लिंक उघडतो. या उमेदवाराला कामातली अडचण ओळखून त्यावर प्रशिक्षण बेतता येतं, की फक्त स्लाइडवरची चित्रं हलवता येतात, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून दहा अर्धवट नमुन्यांपेक्षा १० ते १२ स्क्रीनचा एकच कोर्स शेवटपर्यंत न्या.

आधी विषय. ‘वेळेचं नियोजन’ किंवा ‘प्रभावी संवाद’ हे विषय टाळा. त्यात नेमकी चूक कोणती आणि ती झाली तर काय बिघडतं, हे सांगताच येत नाही. तुम्ही शिकवलं असेल, दुकान सांभाळलं असेल किंवा रुग्णालयात काम केलं असेल, तर त्याच कामातली नवख्यांची एक ठरलेली चूक घ्या. मात्र जुन्या नोकरीतले कागद, स्क्रीनशॉट, ग्राहकांची माहिती यांना हात लावू नका. गोपनीय मजकूर दाखवणारा उमेदवार आमचाही मजकूर असाच बाहेर नेईल, हा विचार समोरच्याच्या मनात येतोच.

उदाहरणार्थ, रक्त घेण्याआधी रुग्णाची ओळख पटवणं. नवा कर्मचारी नाव वाचून विचारतो, “हे तुमचंच नाव ना?” घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण मान डोलावतो आणि नमुना भलत्याच नावावर जातो. बरोबर पद्धत म्हणजे रुग्णालाच पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायला लावायची आणि ती मागणीपत्राशी व नमुन्याच्या लेबलशी ताडायची. हे काम रोज करणाऱ्या एखाद्याला अर्धा तास गाठा आणि चार प्रश्न विचारा: नवीन माणसं कुठे चुकतात, त्या क्षणी त्यांना काय बरोबर वाटत असतं, चुकल्यावर काय होतं, आणि तुम्ही स्वतः काय करता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं जपा, कारण चुकीचे पर्याय तिथूनच मिळतात.

मग उद्दिष्ट एका वाक्यात लिहा. ‘ओळख पटवण्याचं महत्त्व समजेल’ हे चालणार नाही, कारण ‘समजेल’ डोळ्यांनी दिसत नाही. ‘रुग्णाला नाव न सुचवता दोन ओळखखुणा विचारून ताडेल’ हे दिसतं.

कोर्स बांधायचं सॉफ्टवेअर, म्हणजे टूल, अजून उघडायचं नाही. आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक स्क्रीनवर काय दिसेल आणि ऐकू येईल याचा लेखी आराखडा. साध्या तक्त्यात सहा रकाने पुरतात: स्क्रीनचा क्रमांक, स्क्रीनवरचा मजकूर, निवेदन, चित्र, क्लिक केल्यावर काय होतं, आणि टूलमध्ये बांधणाऱ्यासाठी सूचना. निवेदनात जे बोललं जातं तेच वाक्य स्क्रीनवर छापू नका. वाचणं आणि ऐकणं एकमेकांच्या आड येतं. ऐकू न येणाऱ्यांसाठी बंद-चालू करता येणाऱ्या कॅप्शन वेगळ्या द्या. प्रश्न लिहिताना दोन खोडी हमखास होतात: बरोबर पर्याय सगळ्यात लांब असतो, आणि प्रतिसादात नुसतं ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ येतं. त्याऐवजी परिणाम दाखवा: रुग्ण मान डोलावतो, पुढच्या स्क्रीनवर प्रयोगशाळेतून फोन येतो. एका प्रसंगात तीन निर्णय आणि प्रत्येकाला तीन पर्याय पुरे. प्रत्येक निवडीला वेगळी वाट दिलीत तर तिसऱ्या निर्णयापर्यंत २७ शेवट तयार होतात. म्हणून परिणाम दाखवला की सगळ्या वाटा पुन्हा मूळ रस्त्यावर आणा.

आता टूल. नोकरीच्या जाहिरातींत आर्टिक्युलेट स्टोरीलाइनचं नाव वारंवार दिसतं. त्याची चाचणी आवृत्ती मोफत असली तरी तिला दिवसांची मुदत असते, म्हणून स्टोरीबोर्ड पक्का झाल्याशिवाय ती सुरू करू नका. शिकण्यात दिवस घालवले आणि कोर्स अर्धाच राहिला, हा नवख्यांचा नेहमीचा घोळ. पैसे घालायचे नसतील तर एचफाइव्हपी (H5P) या मोफत टूलमध्ये फाटे फुटणारा प्रसंग बांधता येतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक किमान ४.५:१ ठेवा आणि माउस बाजूला सारून फक्त टॅब आणि एंटर वापरून कोर्स पूर्ण होतो का ते पाहा.

कोर्स एलएमएसवर, म्हणजे संस्था ज्या प्रणालीवर कोर्स ठेवतात आणि कोणी किती पूर्ण केला ते नोंदवतात तिच्यावर, चालतो हे दाखवता आलं तर तुम्ही गर्दीतून बाहेर पडता. कोर्स आणि एलएमएस यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरलेल्या स्कॉर्म (SCORM) या मानकाच्या १.२ आवृत्तीत पॅकेज, म्हणजे कोर्सची झिप फाइल, काढा आणि स्कॉर्म क्लाउड या चाचणीच्या संकेतस्थळावरच्या मोफत खात्यावर किंवा मूडल या मोफत एलएमएसवर चढवा. इथे तीन ठिकाणी अडतं. पॅकेज उघडून पुन्हा झिप करताना बाहेरचं फोल्डरही आत जातं. मग ‘आयएमएसमॅनिफेस्ट’ ही पॅकेजमध्ये काय आहे ते एलएमएसला सांगणारी फाइल एक पायरी खाली सरकते आणि एलएमएस पॅकेज नाकारतो. दुसरं, कोर्स संपूनही ‘अपूर्ण’ दिसतो. कारण ‘सगळ्या स्लाइड पाहिल्या की पूर्ण’ असं ठरवलेलं असतं, आणि न निवडलेल्या फाट्यावरच्या स्लाइड शिकणारा कधी पाहतच नाही. शेवटच्या स्लाइडवर ‘इथे पोहोचलं की कोर्स पूर्ण’ असा ट्रिगर (टूलमधली आज्ञा) लावा. तिसरं मोठ्या कोर्समध्ये घडतं: स्कॉर्म १.२ शिकणाऱ्याची प्रगती ४,०९६ अक्षरांतच साठवतो. ती मर्यादा ओलांडली की सोडलेल्या जागेवरून कोर्स पुन्हा सुरू होत नाही.

विषयाशी संबंध नसलेल्या तीन जणांना कोर्स द्या आणि शेजारी गप्प बसा. “इथे क्लिक कर” असं सांगावंसं वाटलं की ती स्क्रीन नोंदवून ठेवा. दुरुस्ती तिथेच हवी आहे.

पोर्टफोलिओच्या पानावर कोर्सच्या वर २०० शब्दांत लिहा: अडचण काय होती, प्रशिक्षणाने त्यातलं काय सुटणार नव्हतं, कोणता पर्याय सोडून दिला, चाचणीनंतर काय बदललं. स्टोरीबोर्डही जोडा, अनेक जण तोच आधी वाचतात. लिंक पासवर्डशिवाय आणि फोनवर उघडली पाहिजे. गिटहब पेजेस या वेबपानं ठेवायच्या सेवेवर कोर्स मोफत ठेवता येतो, पण स्टोरीलाइनच्या वेब प्रकाशनात सुरुवातीची फाइल ‘इंडेक्स’ नव्हे तर ‘स्टोरी’ नावाची असते. नुसता फोल्डरचा पत्ता दिलात तर ‘पान सापडत नाही’ असं येतं. पूर्ण पत्ता द्या.

दुसरा नमुना एखाद्या छोट्या संस्थेसाठी विनामोबदला करायला हरकत नाही, पण सुरू करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: किती स्क्रीन, मंजुरी देणारा एकच माणूस कोण, दुरुस्तीच्या किती फेऱ्या (दोन पुरेत), आणि काम दाखवायची परवानगी. यातली शेवटची राहिली तर महिनाभराची मेहनत कुणालाच दाखवता येत नाही.

इन्स्ट्रक्शनल डिझायनर ठरवतो आणि लिहितो, ई-लर्निंग डेव्हलपर बांधतो, आणि छोट्या टीममध्ये दोन्ही एकाच्याच गळ्यात पडतं. म्हणून जाहिरातीतलं पदाचं नाव बाजूला ठेवून कामांची यादी वाचा. मुलाखतीआधी बऱ्याचदा पान-दोन पानांचा मजकूर देऊन त्याचा स्टोरीबोर्ड मागतात. नवखा उमेदवार सगळाच मजकूर स्लाइडवर वाटून टाकतो. निम्मा गाळा, आणि काय का गाळलं ते शेवटच्या रकान्यात लिहून पाठवा.