ओताँचं चर्च बघायला दुर्बीण घेऊन जा

फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या ओताँ गावी मी चारदा गेले आहे. पहिल्यांदा तडक चर्चमध्ये शिरले आणि निम्मं काही कळलंच नाही. म्हणून सांगते, आधी गावाच्या उत्तरेची रोमन वेस गाठा, पोर्त दारू. तिच्या माथ्यावर छोट्या कमानींची ओळ आहे आणि कमानींमधे उभ्या खाचांचे चपटे खांब. ते डोळ्यांत साठवून घ्या. बाराव्या शतकातल्या कारागिरांनी तसेच खांब सँ-लाझारच्या, म्हणजे या चर्चच्या, आतल्या भिंतींवर चढवलेत. मोठ्या कमानी टोकदार दिसल्या तरी त्याला गॉथिक म्हणू नका; बरगंडीतल्या रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या शैलीतल्या, चर्चमध्ये अशा कमानी असतात. बाहेरचा उंच मनोरा तेवढा खरंच गॉथिक, पंधराव्या शतकातला.

आता मुख्य दारावरचा अर्धगोल शिल्पपट. सुमारे ११३० सालचा, विषय शेवटच्या न्यायाचा, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त मेलेल्यांचा निवाडा करतो तो. याला निदान अर्धा तास द्याच. नजर आधी मधल्या ख्रिस्ताकडे जाते, पण तुम्ही तळच्या पट्टीपासून सुरुवात करा. तिथे मेलेली माणसं थडग्यांतून उठताहेत. त्यांत दोन यात्रेकरू शोधा: एकाच्या झोळीवर शिंपला, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोची वारी केलेला, दुसऱ्याच्या झोळीवर क्रूस, म्हणजे जेरुसलेमची. जरा उजवीकडे दोन प्रचंड पंजांनी एकाचं डोकं पकडलंय. तिथे माझ्या पोटात दर वेळी गोळा येतो. त्याच्या वर आत्म्यांचा तराजू आणि तो आपल्याकडे ओढू पाहणारा सैतान.

ख्रिस्ताच्या पायांखालची लॅटिन ओळ दुर्बिणीतून वाचा: ‘गिस्लेबर्तुस होक फेकित’, हे गिस्लेबर्तुसने केलं. तो शिल्पकार की खर्च करणारा, यावर अभ्यासक भांडतात. माझा कौल शिल्पकाराला. १७६६ मध्ये इथल्या धर्मगुरूंना हे काम ओबडधोबड वाटलं, म्हणून त्यावर गिलावा चढवला. ख्रिस्ताचं डोकं पुढे येत होतं, ते काढून टाकलं. त्याच गिलाव्यामुळे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत शिल्प बचावलं. १८३७ मध्ये ते उघडं झालं. डोकं परत बसलं १९४८ मध्ये.

शेवटी चर्चच्या सभागृहात ठेवलेली मूळ स्तंभशीर्षं पाहा. एकावर बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे मुकुटासकट एकाच पांघरुणात झोपलेत. देवदूत एकाच्या हाताला फक्त बोट लावतोय, आणि त्या एकाचेच डोळे उघडे आहेत. इथे फोटो नको, वही काढा. ते बोट स्वतः काढून पाहा.