दोराचं शिल्प शिकणाऱ्यांसाठी

शोभेच्या मॅक्रेमे (दोराला गाठी मारून केलेल्या) पट्टीत आणि माणसाच्या उंचीच्या दोरशिल्पात गाठी त्याच असतात. पट्टी पाव किलोची असते, शिल्प मात्र सांगाड्यासकट सहज पंधरा-वीस किलो भरतं. ते वजन कुठून कुठे उतरतंय हे ज्याला कळलं, त्याचं शिल्प उभं राहतं. बाकीच्यांचं महिनाभरात पोटात बसतं.

सुरुवातीला शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचं काम नीट पाहावं. बडोद्याला चित्रकला आणि मग चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिचित्रकला शिकून त्यांनी १९७०च्या दशकात हेम्पचा, म्हणजे झाडाच्या तंतूंचा, दोर हातात घेतला. सुरुवातीची कामं टांगलेली, भिंतीशी नातं ठेवणारी होती. पुढे ‘यक्षी’ या शिल्पापर्यंत (१९८४) येताना ती सुटी, भरीव आणि देवळातल्या मूर्तीसारखी समोर ठाकणारी झाली. आधी रेखाटन किंवा छोटा नमुना न करता त्या गाठी मारत पुढे जात. हे ऐकून नवखे खूश होतात, पण त्यांनी एकच माल आणि मोजक्या गाठी दोन दशकांहून जास्त काळ वापरल्या हे विसरतात. नंतरच्या त्यांच्या सिरॅमिक आणि ब्राँझमध्येही घड्यांची तीच सवय दिसते. फोटो बघताना समोरच्या बाजूपेक्षा कडा, घड्या आणि आकार जमिनीला टेकतो ती जागा न्याहाळावी. खरं शिक्षण तिथे आहे.

माल पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत मिळतो: सुतळी, तागाचा दोर, काथ्या. काथ्या बोटं सोलतो आणि बारीक वळण घेत नाही, म्हणून तागापासून सुरुवात करा. सरावाला दोन मिमी सुतळी, कामाला चार ते सहा मिमीचा तीनपदरी दोर. घेण्याआधी टोकाचा पीळ उलगडून बघा. तंतू आखूड असतील आणि झडत असतील तर तो बंडल सोडा. लागणारा सगळा दोर एकाच खेपेला घ्या, कारण पुढच्या मालाचा पीळ वेगळा निघाला की गाठीची जाडी बदलते.

तागाला रॉकेलसारखा वास येतो. तंतू मऊ पडावेत म्हणून गिरणीत वापरलेल्या तेलाचा हा वास, आणि हेच तेल रंग धरू देत नाही. एक किलो दोराला वीस लिटर पाणी, चाळीस ग्रॅम धुण्याचा सोडा, चमचाभर लिक्विड साबण, साठ अंश, पाऊण तास. सोडा वाढवला किंवा पाणी उकळलं तर तंतू कमजोर होतो. लडी बांबूवर टाका, खालून दुसरा बांबू घालून त्याला वीट बांधा, म्हणजे पीळ सरळ वाळतो. रंगवायचंही गाठी मारण्याआधीच. बांधलेल्या गाठीच्या पोटात रंग पोचत नाही आणि ओलं काम आतून कुजतं. किलोला वीस ग्रॅम डायरेक्ट रंग (तंतूला थेट बसणारा) मध्यम छटा देतो, गडदसाठी चाळीस. ताग उजेडात स्वतःच तपकिरी होत जातो, त्यामुळे फिकट गुलाबी आणि आकाशी मळकट दिसायला लागतात. गेरवा, जांभळा, गडद हिरवा टिकतात.

लांबीत सगळे चुकतात. चौकोनी गाठींच्या पट्टीत (बाहेरचे दोन दोर मधल्यांभोवती बांधतात ती) बाहेरचे दोन दोर तयार लांबीच्या चौपट-पाचपट लागतात, मधले दीडपट. दोर दुमडून अडकवणार असाल तर कापताना हा आकडा दुप्पट. जाड दोर आणखी खातो, म्हणून त्याच दोराची तीस सेंटिमीटरची पट्टी करून बघावी आणि मगच कापावं.

आकार फुगवायचा तर आडवा दोर धरून प्रत्येक उभा दोर त्याला दोनदा गुंडाळत जा. आडवा जिकडे कलेल तिकडे कडा वळते. ओळीतल्या दर तिसऱ्या-चौथ्या गाठीला नवा दोर दुमडून घाला. पुढच्या वाढीच्या ओळीत जागा एका गाठीने सरकवा, नाहीतर उभी शिवण दिसते. आकार निमुळता करताना जास्तीचे दोर आत सोडून द्या, शेवटपर्यंत कापू नका. चौकोनी गाठीचा अर्धा भाग, म्हणजे अर्धी गाठ, सतत एकाच बाजूने मारली की पट्टी पिळते. हे हवं असेल तेव्हाच करा.

सांगाड्याला आठ मिमीची सळई मीटरला सुमारे चारशे ग्रॅम भरते, कड्यांना सहा मिमीची सव्वादोनशे. वेल्डिंगचे काटे घासून, रेड ऑक्साइडचे (गंजरोधक रंगाचे) दोन हात देऊन वर सुती पट्टी गुंडाळा. पट्टीमुळे दोर सरकत नाही. रंग टाळला तर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे डाग बाहेर येतात. उभ्या शिल्पाचं खालचं कडं सगळ्यात रुंद ठेवावं.

पावसाळा हा वेगळाच विषय. व्यापारात तागाची ओल पावणेचौदा टक्के धरतात, आणि दमट हवेत ती याहूनही वर जाते. दोर जड होतो, टांगलेलं काम ताणतं. म्हणून टोकं कापण्याआधी तीन आठवडे तसंच टांगून ठेवा. झाकायला मलमल घ्या, प्लास्टिकखाली बुरशी येते.

शिक्षणाचा रस्ता: महाराष्ट्रात बीएफएला (कलेची पदवी) सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय, कापडाच्याच अंगाने जायचं तर अहमदाबादचं एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), आणि या कामाची परंपरा बडोद्याला. कल शिल्पाकडे असेल तर विणकामापेक्षा शिल्पाचा पाया जास्त उपयोगी पडतो, वजन आणि तोल तिथे शिकवतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली जुनी वस्त्रं बघावीतच. पोर्टफोलिओत तयार कामाच्या फोटोसोबत सांगाड्याचा फोटो, माप आणि वजन द्या.

पहिली कामं बहुधा इंटिरियरवाल्यांकडून येतात. दर किलोवर किंवा चौरस फुटावर सांगू नका, गाठींचे तास मोजा. टांगणीचा अँकर (वजन धरणारा बोल्ट) स्लॅबमध्येच हवा, जिप्समच्या छतात नाही. सार्वजनिक इमारतीत आगरोधक लेपाबद्दल विचारतात. लेपाने रंग बदलू शकतो, तेव्हा तो आधी तुकड्यावर लावून बघा आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहा.