शांत पीसी हवा असेल तर प्रोसेसरचा कूलर घेण्याआधी

पहिलं काम म्हणजे प्रोसेसर खरोखर किती वॅट खातो ते काढणं. खोक्यावरच्या टीडीपीवर, म्हणजे कंपनीने छापलेल्या वॅटच्या आकड्यावर, जाऊ नका. रायझन ७ ७७००एक्सचा टीडीपी १०५ वॅट असला तरी पूर्ण ताणावर तो १४२ वॅटपर्यंत ओढतो. इंटेलचा आय५-१३६००के १२५ वरून १८१ वर जातो. कूलर या वरच्या आकड्याला पुरला पाहिजे.

मग कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते बघा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच आहे, बऱ्याच कॅबिनेटांचं झाकणच लागत नाही. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मध्ये बसतो. रॅम उंच असेल तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि उंची तेवढी वाढते, हेही धरा. सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, नाव दुकानदाराला नीट सांगा.

खोलीचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोली जानेवारीपेक्षा पंधरा अंशांनी तापली, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढणार. हिवाळ्यात बसवलेलं गणित उन्हाळ्यात पुन्हा तपासायचं.

आता आवाज. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठा हीटसिंक (कूलरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) घेऊन पंखा सावकाश फिरवणं केव्हाही चांगलं. पण माझ्या मते एकसारख्या आवाजापेक्षा सतत वर-खाली होणारा आवाज जास्त छळतो. ब्राउझर उघडला की तापमान क्षणात उसळतं, पंखा भुर्रकन चढतो, लगेच उतरतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पंख्याला वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायला सांगा आणि ६५-७० अंशांपर्यंत वेग एकच ठेवा. तो वेग कोणता, हे रात्री छताचा पंखा बंद करून कानानेच ठरवा: हळूहळू वाढवत न्या, घरघर ऐकू आली की एक पायरी खाली या. रायझन ७ ७७००एक्सची तापमानाची मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे ८० दिसले म्हणून घाबरू नका.

महागडा कूलर घेण्याआधी इको मोड, म्हणजे प्रोसेसरला कमी विजेवर चालवणारी सेटिंग, नक्की लावून बघा. टीडीपी ६५ वॅट धरणाऱ्या इको मोडमध्ये ७७००एक्स पूर्ण ताणावर ८८ वॅटवर थांबतो आणि गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही.

बसवताना कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढा, प्रोसेसरवर थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) लावा, स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाते ना, तेही बघा. चाचणी झाकण लावूनच घ्या, अर्धा तास गेम चालवून, कारण ग्राफिक्स कार्डाची गरम हवा कूलरच ओढतो. तरीही गोंगाट असेल तर एकेका पंख्याचा वेग खाली आणून बघा. कॅबिनेटचा पंखा ओरडत असेल तर कूलर बदलून काही होणार नाही.