बटणवाली डिक्की अर्ध्यात थांबते? आधी हे बघा

गाडीची बटण दाबल्यावर मोटरने उघडणारी डिक्की अर्धी उघडून थांबते किंवा बंद होता होता टीं टीं करत परत वर जाते, तर भाऊ लगेच मोटर बदलायला जळगाव गाठू नका.

१) इंजिन बंद ठेवून बॅटरी मीटरने बघा, १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा, आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरी तशीही लवकर बसते.
२) कडेची रबरी सेन्सर पट्टी (मध्ये काही अडकलं की डिक्की थांबवते ती) पुसा, लॉकमधली धूळ ब्रशने काढा.
३) दरवेळी एकाच उंचीवर थांबते? मग बहुतेक उंचीच सेट झालीये. हाताने हवी तेवढी वर करून डिक्कीवरचं बटण बीप येईपर्यंत दाबून धरा, बऱ्याच गाड्यांत एवढ्यानेच काम होतं.
४) तरी नाही तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी तपासा, वाकून वाकून तिथेच तुटतात.

फक्त मोटर चालू असताना डिक्की जोराने ढकलू नका, आतला गिअर जातो.