बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) मासोळीवर लाल चट्टे दिसले तं आधी काय करायचं

भाऊ हो, रोहू-कतल्याच्या पंखाच्या बुडाशी लाल चट्टे दिसले, पोट फुगलं, खवले उभे राह्यले की लोकं धावत जाऊन मिळंल ते अँटिबायोटिक आणतात अन् बोडीत ओततात. तसं करू नका. हे बहुतेक वेळा एरोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचं काम असते, अन् तो आपल्या पाण्यात बारा महिने राहतेच, मासोळी धडधाकट असली तं काही करत नाही, पाणी बिघडलं, गर्दी झाली, जाळ्यानं अंग खरचटलं की मंग आत घुसते. समुद्रातल्या प्रवाळांचंही (पोवळ्यांचंही) हेच आहे, पाणी तापलं की विब्रियो जातीचे बॅक्टेरिया जोर धरतात, अन् फ्लोरिडाकडे तं माणसाच्या सांडपाण्यातल्या सेराशिया मार्सेसेन्स नावाच्या बॅक्टेरियामुळे प्रवाळाला रोग होते हे 2011 मध्ये सिद्ध झालं. म्हणून गावची नाली तलावात येत असंल तं पह्यले ती वळवा.

मंग उजाडायच्या आधी पाळीवर जाऊन पाहा. सगळ्याच मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाप करत असतील अन् ऊन चढल्यावर खाली जात असतील तं ऑक्सिजन कमी पडला समजा, शेण अन् कोंडा-ढेप टाकणं बंद करा, इंजिन लावून तेच पाणी उंचावरून बोडीत पाडा. पण काहीच मासोळ्या काठाला सुस्त पडल्या, खात नाही, चट्टेही आहे, तं त्यातल्या दोन-तीन जित्या मासोळ्या पाण्यासकट मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात न्या. सडलेली नेऊन काही समजत नाही. अशा जखमा बुरशीसारख्या जीवानंही होतात, नुसत्या डोळ्यानं फरक कळत नाही, अन् अंदाजानं औषध टाकणं म्हणजे पैसाही गेला अन् मासोळीही.

चुना टाकायचा तं आधी पाण्याचा पीएच (आम्ल-खारेपणाचं माप) पाहा, 8.5 च्या वर असंल तं नकोच. जखमांसाठी भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मासोळीच्या सरकारी संशोधन संस्थेनं काढलेलं सिफॅक्स नावाचं औषध आहे, 1 हेक्टर बोडीत 1 मीटर पाणी असंल तं 1 लिटर, पाण्यात कालवून सगळीकडं शिंपडायचं. क्लोरॅम्फेनिकॉल अन् नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिकं मासोळीसाठी बंदच आहे, कोणी दिलं तरी घेऊ नका.

पुढच्या वर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडताना 1 लिटर पाण्याला 30 ग्रॅम मीठ घेऊन त्यात मिनिटभर बुडवा, कलंडायला लागली तं लगेच काढा.

मेलेल्या मासोळ्या नाल्यात फेकू नका, लांब खड्डा करून चुना टाकून पुरा, जाळं कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या बोडीत टाकू नका. अन् हातापायाला जखम असंल तं त्या पाण्यात उतरूच नका, एरोमोनास माणसाच्या जखमेतही शिरते, सूज आली तं डॉक्टरला बोडीचं सांगा.