मे महिन्यात रोहतांगकडं स्की टूरिंगले (स्की लावून आपल्याच पायानं डोंगर चढायचं अन बर्फावरून घसरत उतरायचं) जायचं असन तर
भाऊ, आपल्या इकडं ऊन तापते तवा तिकडं हिमाचलात मनालीजवळच्या ३,९७८ मीटरच्या रोहतांग खिंडीच्या आजूबाजूले बर्फ असते, पण टाइम पाळा. रात्री गोठून कडक झालेला बर्फ उन्हानं वरून बोटभर नरम झाला का उतरायचं, पूर्वेचा उतार आधी नरम पडते, पश्चिमेचा शेवटी, म्हणून अंधारातच निघा, स्कीखाली स्किनच्या केसाळ पट्ट्या लावून चढा, अन पाय घोट्याच्या वर रुतायले लागला का तो उतार सोडाच, ओलं हिमस्खलन अशातच होते. रात्री ढग राहिले, बर्फ गोठलाच नाई, तर निघूच नका. ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काडी), फावडं प्रत्येकाजवळ पाहिजेच. दम वाढवायले चिखलदऱ्याचा घाट ओझं घेऊन चढा, विरळ हवेची सवय मात्र रोहतांगकडंच होते.